व्हॉट्सअ‍ॅपच्या काळात फोरम चालता ठेवायचा तर

"आता फोरम कोण वाचतंय? ग्रुप काढा की!" कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलं की हे मला हमखास ऐकायला मिळतं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) सँड लॅबमध्ये, म्हणजे साच्याची वाळू तपासतात तिथं, माझी नोकरी झाली. आता आम्ही चौघं मिळून कास्टिंगच्या, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या धातूच्या भागांच्या, अडचणींवरचा एक छोटा मराठी फोरम (प्रश्नोत्तरांची साइट) चालवतो. आमच्या धंद्यात ग्रुप भरपूर आहेत आणि ते हवेतच. वितळलेल्या लोखंडाला मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाली आहे, तिचा असर उतरत चाललाय आणि ओतायला उशीर होतोय, अशा वेळी कोणी फोरमवर प्रश्न टाकून बसणार नाही, फोनच लावेल. पण जूनमध्ये पाऊस लागला की त्याच फाउंड्रीत तेच ब्लोहोल (वायू अडकून पडलेली भोकं) पुन्हा येतात. मागच्या पावसाळ्यात ग्रुपवर मिळालेलं उत्तर 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली कुठं गेलं, ते कोणालाच सापडत नाही. आज विचारलेला प्रश्न पाच वर्षांनी भलत्याच माणसाला उत्तरासकट सापडावा, एवढ्यासाठी फोरम. तुमचा विषय ऊस असो, पक्षी असोत की जुन्या सायकली, पुढचं सगळं लागू पडतं.

सुरुवात धाग्याच्या, म्हणजे एका प्रश्नावरच्या सगळ्या चर्चेच्या, नावापासून करा. 'मदत हवी', 'अर्जंट', 'सर्वांनी वाचा' अशी नावं ठेवू देऊ नका. लेखकाला कळवून मॉडरेटरनं (फोरम सांभाळणाऱ्यानं) नाव बदलावं. 'मदत हवी'चं आम्ही 'ग्रे आयर्न हाउसिंग: वरच्या बाजूला ब्लोहोल, सँडचा ओलावा ४.५ टक्के, पावसाळा' असं करतो. शोधणारा माणूस गुगलमध्ये हेच शब्द टाकतो. कोणी ब्लोहोल लिहितो, कोणी 'हवा धरली', कोणी तेच रोमन लिपीत टाइप करतो. म्हणून पहिल्या पोस्टच्या खाली ही सगळी रूपं एका ओळीत टाकून ठेवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर तो असून नसल्यासारखा.

नव्या माणसाच्या पहिल्या प्रश्नाला एका दिवसात प्रतिसाद गेलाच पाहिजे. उत्तर माहीत नसलं तरी चालेल, त्याला योग्य ते विचारा. आम्ही विचारतो: ओलावा किती, परमिअ‍ॅबिलिटी (सँडमधून वायू किती सहज बाहेर पडतो) किती, कॉम्पॅक्टिबिलिटी (दाबल्यावर सँड किती बसते) किती, ओतताना धातूचं तापमान किती होतं, कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवायचे वाळूचे ठोकळे) कधी भरून ठेवले होते, दोष कास्टिंगच्या नेमक्या कुठल्या बाजूला आहे, आणि फोटोत बाजूला पट्टी ठेवा म्हणजे भोकाचा आकार कळेल. एवढं विचारलं की प्रश्नकर्ता स्वतः सँड तपासायला जातो आणि कधी कधी उत्तर तिथंच सापडतं. तालमीत नवं पोरगं आलं तर वस्ताद त्याला दारात ताटकळत ठेवत नाही, हौद्यात घेऊन आधी मातीला हात लावायला सांगतो. तसंच हे. आमच्या चौघांत आठवड्याची पाळी लावलेली आहे. कोणाचाच प्रश्न कोरडा राहत नाही.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. ती बहुतेक फोरमवर होतच नाही. प्रश्नकर्त्याला परत बोलवा.

प्रश्न आला, दहा जणांनी सल्ले दिले, कोणी बेंटोनाइट (वाळू बांधून धरणारी माती) वाढवा म्हणालं, कोणी व्हेंट (वायू निघायच्या वाटा) वाढवा, कोणी कोअर भाजून घ्या, आणि प्रश्नकर्ता गायब. असा धागा पुढच्या वाचणाऱ्याच्या काहीच कामाचा नाही, कारण दहातला कुठला उपाय लागू पडला ते त्याला कळत नाही. म्हणून आठवड्याभरानं आम्ही धाग्यावरच विचारतो, "दादा, शेवटी काय केलंत? रिजेक्शन कमी झालं का?" तिथं उत्तर नाही आलं तर फोन करतो. उत्तर मिळालं की ते पहिल्या पोस्टच्या अगदी वर, 'शेवटी काय झालं' असं ठळक लिहून चिकटवतो. पावसाळ्यातल्या अशाच एका धाग्यात सगळे ओल्या सँडला दोष देत होते. शेवटी निघालं असं की सीओटू कोअर (कार्बन डायऑक्साइड सोडून घट्ट केलेले) आदल्या दिवशीच करून उघड्यावर ठेवले जात होते आणि हवेतला दमटपणा ओढून घेत होते. लागतील तेवढेच कोअर त्या दिवशी करायला लागल्यावर फरक पडला. ती एक ओळ त्या धाग्यातल्या बाकी सगळ्या मजकुरापेक्षा मोलाची आहे. नव्या फोरमवर दोन-तीनशे धागे असण्यापेक्षा असे तडीस गेलेले वीस धागे असू द्यात.

मग ते वेळेवर वर आणा. आमच्याकडे मेच्या शेवटी पावसाळ्याचे धागे मुखपृष्ठावर येतात. तुमच्या विषयाचंही असं एखादं पंचांग असेल, ते आधी लिहून काढा.

व्हॉट्सअ‍ॅपशी भांडू नका. ग्रुपमध्ये चांगलं उत्तर दिसलं की देणाऱ्याची परवानगी घ्या, ते फोरमवर नीट मांडा आणि दुवा त्याच ग्रुपवर टाका. पुढच्या वेळी तोच प्रश्न आला की नुसता दुवा द्या. अनुभवी मोल्डर (साचे घालणारे) टाइप करत बसत नाहीत. त्यांना व्हॉइस मेसेज पाठवू द्या आणि कोणीतरी तो उतरवून त्यांच्या नावानं टाका. बोलण्यातली कोल्हापुरी तशीच राहू द्या. पुस्तकी मराठी करत बसलात तर तो माणूस पुन्हा बोलणार नाही.

वाचणारे लिहीत नाहीत म्हणून खंतावू नका. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६ साली ढोबळ हिशेब मांडला होता: १०० पैकी ९० नुसते वाचतात, ९ अधूनमधून लिहितात, आणि बहुतेक मजकूर एकाचा असतो. तो एक जपा. त्याच्या मेहनतीबद्दल त्याला सगळ्यांसमोर धन्यवाद द्या आणि त्याला थकवा आला तर सुट्टी द्या.

आमच्या धंद्यात माणसं लिहायला कचरतात त्याचं खरं कारण वेगळं आहे. कास्टिंग मोठ्या गिऱ्हाइकाचं असतं, आणि रिजेक्शनचा फोटो बाहेर गेला तर नोकरीवर बेतू शकतं. म्हणून टोपणनाव चालू द्या. फोटोतला लोगो, पार्ट नंबर आणि ड्रॉइंग झाकल्याशिवाय पोस्ट मंजूर करू नका. मोबाइलच्या फोटोत जागेची माहितीही दडलेली असते, ती अपलोड होतानाच निघून जाईल अशी सोय करा. कंपनीचं नाव घेऊन तक्रार नको, दोषाचं वर्णन करा. हे नियम कडकपणे पाळले जातात हे दिसलं की माणसं मोकळी होतात.

बेंटोनाइट, रेझिन, कोल डस्ट विकणाऱ्यांसाठी वेगळा विभाग ठेवा. त्यांनी उत्तर द्यायला हरकत नाही, पण मी काय विकतो हे पोस्टखालच्या सहीत लिहावं. नव्या सदस्याच्या पहिल्या दोन पोस्ट मंजुरीनंतरच दिसाव्यात, त्यानं बराचसा स्पॅम तिथंच अडतो. अलीकडे चॅटजीपीटीचं उत्तर जसंच्या तसं आणून टाकतात. आमचा नियम असा की तुम्ही स्वतः करून पाहिलेलं लिहा, आकड्यांसकट. बाकीचं ज्याचं तो विचारून घेईल.

आता घर स्वतःचं असण्याविषयी. गुगलचं ऑर्कुट २००४ साली आलं आणि २०१४ साली बंद झालं. याहू ग्रुप्सवरचा जुना मजकूर डिसेंबर २०१९ मध्ये काढला गेला आणि वर्षभरानं ती सेवाच संपली. मायबोली ही मराठी साइट मात्र १९९६ पासून चालू आहे. म्हणून डोमेन स्वतःच्या नावावर घ्या. पीएचपीबीबी किंवा डिस्कोर्स ही फोरम चालवायची दोन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात, भाडं पडतं ते सर्व्हरचं. डिस्कोर्सला निदान १ जीबी रॅम लागते, पण त्यात ईमेलवरून थेट प्रतिसाद देता येतो, जी सोय वयस्कर मंडळींना फार आवडते. फोटो स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवा. फोटो साठवून देणाऱ्या फोटोबकेटनं २०१७ साली बाहेरच्या साइटवर फोटो दाखवण्यासाठी वर्षाला ३९९ डॉलर मागितले, आणि जगभरच्या फोरमवरचे जुने धागे एका फटक्यात बिनफोटोचे झाले. दोषाचं चित्रच गेलं तर आमच्या धाग्यात उरतं काय?

बॅकअप दर आठवड्याला, आणि तो दुसऱ्या गावात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरीत पाणी शिरलं होतं. शहरातल्या तळमजल्यावरच्या हार्डडिस्कवर भरवसा नको. वर्षातून एकदा तो बॅकअप खरंच उघडून फोरम उभा राहतो का ते पाहा.

अ‍ॅडमिनचा पासवर्ड, डोमेनचं खातं आणि सर्व्हरचं बिल या तिन्ही गोष्टी किमान दोघांकडे असाव्यात, त्यातला एक तरी तिशीच्या आतला. वर्गणी मागताना वर्षाचा खर्च फोरमवर जाहीर लिहा. पैसे येतात. चालवणं जमेनासं झालं तर साइट अचानक बंद करू नका. महिनाभर आधी सांगा, नवीन पोस्ट थांबवा, आणि जुने धागे वाचायला उघडे ठेवून त्यांची एक प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर साठवा.