जोडलेल्या वायरी ओढल्या गेल्या तरी सुटू नयेत म्हणून काय करावं

बडोद्यातल्या जुन्या वाड्यांत, दांडियाबाजार-रावपुऱ्याकडे, खोलीत बोर्ड एकच आणि तोही बहुधा दाराच्या मागे. गणपतीचं मखर मात्र समोरच्या भिंतीशी. मग एक एक्स्टेंशन येतं, ते पुरत नाही म्हणून त्याला दुसरं जोडलं जातं, त्यात माळांची पिन, फोकसची पिन, कधी पंख्याचीही. आरतीला खोली भरली की कुणाचा तरी पाय वायरीत अडकतोच. नवरात्रात हेच सोसायटीच्या मैदानात होतं. तिथे वायरी आणखी लांब असतात आणि आजूबाजूची सगळी माणसं गरब्यात फिरत असतात.

जोड पूर्ण सुटला तर दिवे जातात, कुणीतरी येऊन पिन पुन्हा खोचतं आणि विषय संपतो. भीती अर्धवट सुटलेल्या जोडाची आहे. पिन थोडीशी बाहेर आली तरी दिवा लागलेलाच असतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. आत मात्र पितळेला पितळ जेमतेम टेकलेलं असतं, तिथे उष्णता तयार होते, बारीक ठिणग्या पडतात आणि हळूहळू प्लॅस्टिक वितळायला लागतं. आपल्याकडच्या बऱ्याच पिनांना मुळाशी प्लॅस्टिकचं आवरणही नसतं. म्हणजे अर्धी बाहेर आलेली पिन उघडी असते आणि तिच्यात २३० व्होल्ट असतात. लहान मुलं जमिनीवर खेळत असतात, तेव्हा हे विसरून चालणार नाही.

बहुतेकांना पहिल्यांदा सुचतो तो काळा टेप. कृपा करून जोडाभोवती टेप गुंडाळू नका. तो ओढ पेलत नाही, थोडा ताणला गेला की सरकतो. उष्णतेने त्याचा डिंक पातळ होतो, आत जोड तापतोय हे बाहेरून दिसत नाही आणि पावसाचं पाणी आत शिरलं तर तिथेच अडकून राहतं. खरा उपाय वेगळा आहे: ओढ जोडापर्यंत पोचूच द्यायची नाही. ती वायरीवर घ्यायची किंवा हुकावर. पुढचं सगळं त्यासाठीच आहे, आणि ते मेन स्विच किंवा निदान त्या बोर्डाचं बटण बंद करूनच करायचं.

आधी जोड मुळात घट्ट बसतो का, ते बघा

पिन सॉकेटमध्ये खोचा आणि बोर्ड उलटा धरा. पिन आपल्या वजनाने खाली आली किंवा डुगडुगली, तर बांधाबांध करण्यात अर्थ नाही, सॉकेटच बदला. आतल्या पितळी पट्ट्यांची पकड एकदा गेली की परत येत नाही. पिनेच्या चिरेत पेचकस घालून ती फाकवायची सवय अनेकांना आहे. त्याने दोन दिवस भागतं, पण फाकलेली पिन सॉकेटच्या पट्ट्या आणखी सैल करते.

पिन आणि सॉकेट दोन्ही नवे असूनही जोड सैल बसतो, त्याचं कारण मापात असतं. आपल्या ६ अँपिअरच्या टॉपच्या (वायरीच्या टोकाला लावतात त्या पिनांच्या प्लगच्या) दोन पिना साधारण ५ मिलिमीटर जाडीच्या असतात, तर चार्जरवर आणि माळांवर येणाऱ्या बारीक दोन पिना बऱ्याचदा ४ मिलिमीटरच्या. मोठ्या भोकात बारीक पिन हलणारच. सगळ्या देशांच्या पिना घेणारं जे ‘युनिव्हर्सल’ सॉकेट स्वस्तातल्या बोर्डांवर असतं, त्याची पकड तर कुठल्याच पिनेवर नीट बसत नाही. सणासाठी एक्स्टेंशन घ्यायचं असेल तर गोल भोकांचं, आयएसआय खूण असलेलं आणि त्यावर आयएस १२९३ लिहिलेलं घ्या. पिना-सॉकेटचं भारतीय मानक ते आहे.

भाराचा हिशोब एका ओळीत होतो: ६ अँपिअरच्या पिनेतून जास्तीत जास्त सुमारे १३८० वॉट, १६ अँपिअरच्या पिनेतून ३६८०. एलईडीच्या माळा किती लावल्या तरी फारसा फरक पडत नाही, पण हजार वॉटचा एक हॅलोजन लावला की बहुतेक जागा संपली. पाणी तापवायचा रॉड, गीझर, इंडक्शन शेगडी अशी उपकरणं एक्स्टेंशनच्या जोडावर लावूच नयेत.

टॉप उघडून आतली पकड तपासा

हे काम बहुतेक लोक टाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. ओढ बसल्यावर जोड बाहेरून शाबूत दिसतो, पण टॉपच्या आत तार स्क्रूतून निसटलेली असते.

टॉप बोर्डातून पूर्ण काढून हातात घ्या. स्क्रू सोडून झाकण काढलं की आत तीन पितळी टर्मिनल दिसतात, आणि वायर आत शिरते त्या तोंडाशी दोन बारीक स्क्रूंनी बसवलेली एक छोटी पट्टी. तिला कॉर्ड ग्रिप म्हणतात. या पट्टीखाली वायरीचं बाहेरचं जाड आवरण दाबलेलं असलं पाहिजे. घरोघरी दिसतं ते उलटं: आवरण बाहेरच कापलेलं, पट्टीखालून तीन सुट्या रंगीत तारा गेलेल्या, कधी पट्टी लावलेलीच नाही. अशा टॉपची वायर ओढली की सगळा ताण तांब्याच्या तारांवर येतो.

तसं दिसलं तर तारा सोडवा, वायर थोडी कापून नव्याने सोला आणि जाड आवरण पट्टीच्या आतपर्यंत येईल अशी बसवा. तांब्याचे धागे पिळून टर्मिनलमध्ये घाला, एकही धागा बाहेर राहू देऊ नका. तपकिरी किंवा लाल तार ‘एल’ला, निळी किंवा काळी ‘एन’ला, हिरवी किंवा हिरवी-पिवळी ‘ई’ला. हिरवी तार आतमध्ये बाकी दोघींपेक्षा सेंटिमीटरभर लांब आणि सैल ठेवा. कधी वायर जोरात ओढली गेलीच, तर बाकीच्या तारा आधी सुटतील आणि अर्थिंग सगळ्यात शेवटी. टॉपची अर्थची पिन लांब ठेवतात तीही त्याच हेतूने: आत जाताना ती आधी लागते, बाहेर येताना शेवटी निघते.

ओतीव टॉप, म्हणजे वायरीसकट एकसंध ओतलेला, उघडता येत नाही. त्याची मान मऊ पडली असेल किंवा वायर मुळाशी गोल फिरत असेल, तर तो कापून नवा टॉप लावा. हे जमत नसेल तर वायरमनकडून करून घ्या, काम पाच-दहा मिनिटांचं आहे.

वायरीला वायर बांधा

यासाठी मला सुती पट्टी सगळ्यात पसंत आहे. हातभर लांबीचा सुती नाडा किंवा नवारीची अरुंद पट्टी घ्या. जोडापासून एक वीत मागे, बोर्डाकडून येणाऱ्या वायरीला पट्टीचे दोन वेढे देऊन गाठ मारा. दुसऱ्या बाजूला, दिव्याकडे जाणाऱ्या वायरीला तितक्याच अंतरावर तसंच बांधा. दोन गाठींमधली पट्टी इतकी आखूड ठेवा की मधली वायर, जोडासकट, सैल झोका घेईल. आता दोन्ही बाजूंनी वायरी धरून ओढा. पट्टी ताठ व्हायला हवी आणि जोड जागचा हलताही कामा नये. हलला तर पट्टी आणखी आखूड करा. नायलॉनची दोरी वापरू नका, ती घसरते आणि आवरणात रुतते. प्लॅस्टिकचे केबल टाय चालतात, पण करकचून आवळू नका.

पट्टी नसेल आणि वायरी जाड, गोल, तीन तारांच्या असतील, तर गाठीनेही भागतं. दोन्ही वायरी टोकापासून हातभर अंतरावर एकमेकींवर टाका, पायजम्याची नाडी बांधताना मारतो तशी पहिली अर्धी गाठ मारा आणि मग टोकं एकमेकांत बसवा. गाठीचा वेढा मुठीएवढा मोकळा ठेवा. ओढ बसली की गाठ आवळली जाते आणि जोड सैलच राहतो. हा उपाय एका संध्याकाळपुरता आहे. दहा दिवस गाठ तशीच ठेवली तर तिथे आतली तार दुमडून तुटू शकते. माळांच्या बारीक, चपट्या वायरींना गाठ मारूच नका.

जोड थेट एक्स्टेंशनच्या बोर्डावर असेल तर बोर्ड जमिनीवर मोकळा ठेवू नका. बहुतेक बोर्डांच्या पाठीला टांगण्यासाठी खाचा असतात. भिंतीत दोन स्क्रू मारून तो टांगा आणि शेजारी एक हुक लावून सगळ्या पिनांच्या वायरी तिथे बांधा. वायर ओढली गेली तर ओढ हुकावर जाईल.

एक गोष्ट मंडळांमध्येही लक्षात घेतली जात नाही. जोड सुटायचा थांबला की ओढ नाहीशी होत नाही, ती पुढे सरकते. फोकसचा स्टँड आडवा होतो, स्पीकर कलंडतो. मखराच्या टेबलावरून वायर गेली असेल आणि तिथेच समई तेवत असेल, तर ओढीने टेबलावरचं कापड सरकू शकतं, आणि हे पिन निघण्यापेक्षा कितीतरी वाईट. म्हणून स्टँडच्या पायाशी, अगदी खालच्या बाजूला, वायर एकदा बांधून घ्या. टेबलाच्या पायाशीही तसंच. मखराच्या कापडावरून वायर नेऊच नका.

आणि काही जोड बांधायचेच नसतात. इस्त्री, चहाची किटली, मिक्सर यांची वायर कुणाच्या पायात आली तर पिन निघून येणंच बरं. गरम इस्त्री मुलाच्या अंगावर येण्यापेक्षा ते केव्हाही परवडलं. अशा वस्तू थेट भिंतीच्या सॉकेटवरच वापरा.

वायरीची वाट

पाय लागणारच नाहीत अशी वाट निवडली तर निम्मं काम तिथेच होतं. दाराची चौकट, भिंतीचा कोपरा, खिडकीवरून हुक लावून वर, असं काहीही. दारातून जमिनीवरून न्यायची वेळ आलीच तर वायर सरळ, उंबऱ्याला लागून ठेवून रुंद कापडी टेपने पूर्ण लांबी चिकटवा. जोड मात्र दारात येऊ देऊ नका. सतरंजीखालून वायर नेऊ नका. वरून माणसं चालतात, आवरण दबतं आणि तापलेलं दिसत नाही. रीळवाली वायर असेल तर ती पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर भाराखाली आतल्या आत तापते.

जोडात भोकांचं टोक नेहमी बोर्डाकडून येणाऱ्या वायरीला आणि पिनेचं टोक दिव्याकडे जाणाऱ्या वायरीला. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर कुणी ‘जनरेटरसाठी’ करून दिली, तर ती वापरू नका. एक बाजू लागलेली असताना दुसऱ्या बाजूच्या उघड्या पिनेत वीज असते. टॉप नसला की सोललेल्या तारा सॉकेटमध्ये काडीपेटीच्या काड्यांनी दाबून बसवण्याची रीत मंडपांत अजून दिसते. ती कुठे दिसली तर माघार न घेता बंद करायला लावा.

बाहेर आणि पावसात

बडोद्यात गणपती पावसातच येतात. २०२४ मध्ये ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं आणि लगेच ७ सप्टेंबरला चतुर्थी होती. पाण्यात बुडालेलं एक्स्टेंशन वाळवून पुन्हा वापरायचं नसतं. आत गाळ बसतो, स्क्रू गंजतात, पकड जाते. ते टाकूनच द्यावं.

अंगणातला जोड जमिनीपासून उंच टांगा आणि दोन्ही बाजूंची वायर जोडाच्या खाली झोका घेऊन मग वर येईल अशी ठेवा. वायरीवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी गळून जातं, जोडात जात नाही. सॉकेटची भोकं आभाळाकडे नकोत. प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली तर आत घाम धरतो. त्यापेक्षा जोडावर छपरासारखा, खालून उघडा डबा टांगावा. अंगणातली लाईन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरूनच (विजेची गळती झाली की लाईन तोडणाऱ्या स्विचवरूनच) घ्यावी.

मंडळ दरवर्षी मंडप घालत असेल तर थोडे पैसे घालून निळे औद्योगिक प्लग-सॉकेट घ्या. निळा रंग २३० व्होल्टचा, लाल ४०० चा. सॉकेटच्या झाकणाला खाच असते, ती आत गेलेल्या प्लगला पकडून ठेवते, त्यामुळे साध्या ओढीने तो निघत नाही. आयपी ४४ लिहिलेला शिंतोड्यांपुरता, आयपी ६७ लिहिलेला जोरदार पावसातही चालतो. गरब्याच्या मैदानावर मी तरी याशिवाय दुसरं काही सुचवणार नाही.

लावल्यावर आणि काढताना

सगळं सुरू करून अर्ध्या तासाने बटण बंद करा आणि प्रत्येक जोडाला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल, जळका वास येत असेल, आधी चुरचुर ऐकू आली असेल किंवा पिनेवर काळा डाग असेल, तर तो जोड परत सुरू करू नका.

काढताना आधी बटण बंद, मग पट्टी सोडा, मग टॉप त्याच्या अंगाला धरून काढा. वायर धरून खेचू नका. मोठे सैल वेढे करून ठेवा, कोपराभोवती घट्ट गुंडाळू नका. उत्सवात ज्या वायरीला जोराचा हिसका बसला, तिला लाल दोरा बांधून वेगळी ठेवा आणि तिचे टॉप उघडून हिरवी तार जागेवर आहे का ते बघा. अनंत चतुर्दशीनंतर नवरात्रापर्यंत पितृपक्षाचा पंधरवडा मिळतो. ही दुरुस्ती तेवढ्यात उरकून घ्या.