रसिकांचा ग्रुप सुरू करताय? मग या चुका टाळा

गोव्यात उत्सवाच्या दिवसांत देवळाच्या मंडपात मराठी नाटक रंगतं, कला अकादमीत गायिका केसरबाई केरकर यांच्या नावाचा संगीत समारोह होतो, आणि त्यानंतर हमखास कोणीतरी उत्साहानं नाट्यसंगीताच्या चाहत्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडतो. असे ग्रुप उभे राहताना आणि कोसळताना मी इतके पाहिलेत की आता कोणी नवा ग्रुप काढतोय म्हटलं की त्याला आधी फोन करतो. कोसळण्याची कारणं ठरलेली असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नंबर मिळाला की माणसाला आत ढकलणं. फोंड्याकडच्या एका आयोजकानं मैफलीच्या दारावर ठेवलेली वही घरी नेली आणि त्यातले सगळे नंबर एका रात्रीत ग्रुपमध्ये घातले. सकाळी निम्मे लोक विचारत होते, ‘हा कुठला ग्रुप? मला कोणी घेतलं?’ काही लगेच बाहेर पडले. उरलेल्यांपैकी एकानं प्लॉट विकायला काढला, दुसऱ्यानं आपल्या दुकानाची जाहिरात टाकली. तेवढ्यात निवडणूक आली आणि गाण्याच्या ग्रुपवर प्रचाराचे व्हिडिओ पडायला लागले. आयोजक वैतागले आणि फक्त ॲडमिनच लिहू शकेल अशी सेटिंग करून मोकळे झाले.

त्या ग्रुपमध्ये एक वयस्कर ऑर्गनवादक होते. उत्सवी रंगभूमीवर त्यांचं आयुष्य गेलेलं. कुठल्या पदाला सूर कुठून द्यायचा, नट थकलेला असेल तर अंतऱ्यात त्याला कसं सांभाळून घ्यायचं, हे ते छोट्या व्हॉइस नोटमधून सांगायचे. त्या दोन मिनिटांसाठी मी तो ग्रुप उघडत असे. सेटिंग बदलली तेव्हा त्यांचंही तोंड बंद झालं, आणि काही दिवसांनी ते निघून गेले. २०२२ पासून कोणी ग्रुप सोडला तर सूचना फक्त ॲडमिनला जाते, त्यामुळे बाकीच्यांना पत्ताही लागला नाही. आज तिथं फक्त कार्यक्रमांची पोस्टरं पडतात.

म्हणून मी स्वतःहून कोणालाही ग्रुपमध्ये घालत नाही. लिंक देतो, प्रवेशाला ॲडमिनची मंजुरी ठेवतो आणि येणाऱ्याला एवढंच विचारतो, ‘शेवटचं नाटक किंवा मैफल कुठं ऐकलीत?’ ज्याला आवड आहे तो चार ओळी लिहितो. ज्याला नुसती गर्दी पाहायची आहे तो उत्तरच देत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, पण म्हणून तेवढी भरायची नसतात. नव्यानं ग्रुप काढणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात आकडा हवा असतो. मला वर्षभरानं बोलती राहिलेली माणसं हवी असतात.

ग्रुपला कुलूप लावण्यामागे आणखी एक भीती असते, की कोणी काही भलतंच टाकलं तर पोलीस ॲडमिनला धरतील. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की ॲडमिनचा त्यात समान हेतू दिसत नसेल, तर सभासदाच्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. घाण दिसली की काढा, पण भीतीपोटी सगळ्यांची तोंडं बंद करू नका.

दुसरी चूक खास आपल्या गोव्याची. भाषेचा नियम आधी न सांगणं.

एका ग्रुपवर गायक जितेंद्र अभिषेकींचं ध्वनिमुद्रण आलं. मडगावच्या एका मुलीनं खाली कोकणीत लिहिलं, ‘कितें सुंदर गायलां बुवान!’ तिची ती पहिलीच ओळ. लगेच एका ज्येष्ठांनी लिहिलं, ‘हा मराठी ग्रुप आहे, मराठीत लिहा.’ तिन्हीसांजेपर्यंत गाडी गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, या १९६७ च्या जनमत कौलावर पोचली आणि रात्री कोकणीला राजभाषा करणाऱ्या १९८७ च्या कायद्यावर. गाण्याचा कोणी शब्द काढला नाही. ज्या बुवांच्या गाण्याखाली हे चाललं होतं ते मंगेशीचे, आणि आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर त्यांनी कोकणी विभागात काम केलेलं. दुसऱ्या दिवशी ॲडमिननं त्या ज्येष्ठांना नाव घेऊन सर्वांसमोर सुनावलं. ते गेले, त्यांच्याबरोबर त्यांचे स्नेही गेले. ती मुलगी तर आदल्या रात्रीच गेली होती.

भाषेवरून आपल्याकडे एकाच घरात दोन मतं असतात. ती ग्रुपवर मिटणार नाहीत. माझ्या ग्रुपच्या माहितीत पहिलीच ओळ आहे: ‘मराठी, कोकणी दोन्ही चालेल. भाषेवर वाद इथं नाही.’ तरीही ठिणगी पडलीच तर ॲडमिनला कोणाचाही मेसेज सर्वांसाठी डिलीट करता येतो. तो काढायचा आणि त्याच तासात त्या माणसाला फोन लावायचा. मेसेज नाही, फोन. ‘भाई, तुमचं म्हणणं मला कळतं. पण ती पोरगी पहिल्यांदाच लिहीत होती, तिला नाउमेद नको करूया.’ एवढं बोललं की बहुतेक माणसं विरघळतात. चारचौघांत सुनावलेला माणूस मात्र परत येत नाही. फोनला वेळ लागतो, हे खरं. ज्याला तेवढा वेळ नाही त्यानं ॲडमिन होऊ नये.

सुप्रभात आणि सणाच्या शुभेच्छा पहिल्या दिवसापासून बंद ठेवा. नंतर बंद केल्या की लोक दुखावतात.

‘मोगूबाई मोठ्या की केसरबाई?’ असले प्रश्न काढून टाका. दोघीही जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. त्यांच्या गाण्यातला फरक ऐकून सांगणारा कोणी असेल तर त्याला जरूर लिहू द्या.

ध्वनिमुद्रणावर कलाकार, पद किंवा राग, जागा, साल लिहायला लावा. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ लिहावं. चुकीचं नाव एकदा चिकटलं की ते फॉरवर्ड होत राहतं आणि खरा गायक पुसला जातो. आणि मैफलीत मोबाइलवर टिपलेलं गाणं गायकाला न विचारता टाकू देऊ नका. प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावर ६० वर्षं हक्क असतो आणि गाणाऱ्याचा स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षं. आपल्या गावच्या तरुण गायिकेचा आवाज बसलेला असताना केलेलं चित्रण तिच्याआधी सगळीकडे पोचावं, हा तिच्यावर अन्याय आहे.

निधनाची बातमी घरच्यांकडून किंवा वर्तमानपत्रातून पक्की झाल्याशिवाय ग्रुपवर राहू देऊ नका. इस्पितळात असलेल्या कलाकाराला श्रद्धांजली वाहिलेली मी वाचली आहे, आणि त्याच ग्रुपवर त्यांचा पुतण्या होता.

केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, हा मेसेज दर महिन्याला नव्यानं येतो. माहिती खरी आहे, अभिमानाची आहे. नीट लिहून पिन करा.

ॲडमिन तीन असू द्या: एक जुना जाणकार, एक तरुण आणि एक बाई. बायकांना रात्री-अपरात्री खासगी मेसेज पाठवणारे महाभाग प्रत्येक ग्रुपमध्ये निघतात आणि त्याची तक्रार पुरुष ॲडमिनकडे येत नाही. अशा माणसाला मी समज देत बसत नाही. त्याच दिवशी काढतो.

आणि ग्रुप चार दिवस शांत राहिला म्हणून घाबरून फॉरवर्ड ओतू नका. अशा वेळी मी एक नेमका प्रश्न टाकतो. ‘गोवा हिंदू असोसिएशननं १९६४ मध्ये “मत्स्यगंधा” हे संगीत नाटक रंगमंचावर आणलं. तुमच्या गावच्या उत्सवात ते कधी झालं? त्यात पराशराचं काम कोणी केलं?’ मग पेडण्यापासून काणकोणापर्यंतची माणसं कपाटातले फोटो काढून पाठवतात, आणि कोणीतरी सांगतं की पराशर झालेले मास्तर अजून आहेत, त्यांना ग्रुपमध्ये घेऊ का?