भेंडीतील तणनियंत्रण : पेरणीआधीपासून पहिल्या तोड्यापर्यंत

भेंडीचा पहिला तोडा साधारण ४५ ते ५० दिवसांनी येतो. मात्र सुरुवातीला रोपांची वाढ संथ असल्याने, पाने ओळींमधील जागा झाकेपर्यंतच्या काळात झालेली तणाची स्पर्धा पिकाला पुढे भरून काढता येत नाही.

म्हणून खरे काम पेरणीपूर्वीच सुरू करावे. उन्हाळ्यात खोल नांगरट करून वर आलेल्या लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या काशा (जमिनीखालची खोडे) वेचाव्यात, उरलेल्या कडक उन्हात वाळू द्याव्यात. शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे, कारण अर्धवट कुजलेल्या खतातून तणाचे बी आपणच शेतात पेरतो. पाण्याची सोय असल्यास वाफे तयार करून एक हलके पाणी द्यावे आणि आठ-दहा दिवसांत उगवलेले तण उथळ वखरणीने मोडून मगच भेंडी टोकावी. वखर खोल गेल्यास खालचे बी वर येते आणि ही मेहनत वाया जाते.

पहिली खुरपणी उगवणीनंतर दोन-अडीच आठवड्यांनी, विरळणीबरोबरच उरकावी. दुसरी त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी, शक्यतो वाफसा असताना कोळपे चालवून करावी आणि त्याच वेळी झाडांना मातीची भर द्यावी. पुढे झाडावरील लव हाताला खाजवते, त्यामुळे उशिरा मजूर मिळणेही कठीण जाते.

चंदेरी-काळ्या प्लॅस्टिक आच्छादनाने केना, घोळ, काटेमाठ यांसारखी तणे चांगली दबतात. लव्हाळा मात्र टोकदार कोंबाने प्लॅस्टिक भेदून वर येतो, त्यामुळे अशा रानात आधी गाठींचा बंदोबस्त केल्याशिवाय आच्छादनावर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पेंडीमिथॅलिनसारखे उगवणपूर्व तणनाशकही लव्हाळ्यावर चालत नाही. कोणतेही तणनाशक घेताना लेबलवर भेंडीचा उल्लेख आहे का ते पाहून दिलेलीच मात्रा वापरावी.

ज्वारीत किंवा उसात २,४-डी हे तणनाशक फवारलेला पंप भेंडीसाठी अजिबात वापरू नये. कपाशीप्रमाणेच भेंडीलाही हे औषध अत्यल्प प्रमाणातही बाधते, पाने आकसून विचित्र आकाराची होतात आणि अनेकदा शेतकरी त्यावर विषाणूरोग समजून उपचार करत बसतो.

खऱ्या केवडा रोगाचा (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूरोगाचा) तणाशी संबंध आहेच. तो पांढऱ्या माशीमार्फत पसरतो, आणि भेंडी नसतानाही ही माशी बांधावरील तणांवर तग धरते. म्हणून बांध आणि पाटाच्या कडाही तण फुलोऱ्यात येण्यापूर्वी स्वच्छ कराव्यात.