नॉर्डिक राजधान्यांची ऑपेरा सहल: या चुका टाळा

कोपनहेगन, ऑस्लो, स्टॉकहोम आणि हेलसिंकी या चार राजधान्या मार्गदर्शकासह दाखवणाऱ्या काही सहलींच्या पत्रकांवर ‘ऑपेरा’ हा शब्द ठळक छापलेला असतो. तो वाचून पैसे भरणाऱ्यांपैकी काहींना मात्र दहा-बारा दिवसांत गाण्याचा एक सूरही कानी पडत नाही. यात फसवणूक असतेच असे नाही. पत्रक नीट वाचलेले नसते, एवढेच. ‘ऑपेरा हाऊसला भेट’ याचा अर्थ इमारत पाहणे, आणि तीही कित्येकदा बाहेरूनच. प्रयोग पाहायचा असेल तर कृतीचे नाव, तारीख, रंगमंच आणि आसनाची श्रेणी या चार गोष्टी आयोजकाकडून लेखी मागाव्यात. त्याच इमारतीत एका संध्याकाळी ऑपेरा आणि दुसऱ्या संध्याकाळी बॅले असतो, काही संध्याकाळी तर काहीच नसते. त्यामुळे ‘त्या आठवड्यात काहीतरी असेलच’ या भरवशावर राहू नये.

हंगाम न पाहता तारखा ठरवणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. या देशांत उन्हाळा हा प्रवासाचा हंगाम असतो, पण ऑपेराच्या दृष्टीने तो सुट्टीचा काळ असतो. राजधान्यांतील मुख्य ऑपेरागृहांचा हंगाम साधारणपणे ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि जूनच्या मध्यापर्यंत संपतो. जुलैमध्ये हवा उत्तम असते, रात्री दहापर्यंत उजेड असतो, आणि गायक-वादक गावी गेलेले असतात. आपल्याकडची शाळांची मे महिन्याची सुट्टी या दृष्टीने सोयीची आहे, कारण तेव्हा हंगाम चालू असतो आणि दिवसही मोठा असतो. दिवाळीच्या सुट्टीत प्रयोग भरपूर मिळतात. मात्र नोव्हेंबरच्या आरंभी ऑस्लोत दुपारी साडेचारच्या आत सूर्य मावळतो, हे ध्यानात ठेवून स्थलदर्शन सकाळीच उरकावे लागते.

तारखा ठरून गेल्या असतील आणि त्या नेमक्या जुलैच्या निघाल्या, तर दोन वाटा उरतात. एक म्हणजे फिनलंडमधील साव्होनलिन्ना येथील ऑपेरा महोत्सव. 1475 मध्ये बांधायला घेतलेल्या ओलाव्हिनलिन्ना किल्ल्याच्या आवारात तो दर जुलैमध्ये भरतो. येथे होणारी चूक अंतराची असते. हेलसिंकीहून रेल्वेने चार तासांहून अधिक वेळ लागतो आणि वाटेत गाडी बदलावी लागते, त्यामुळे ‘संध्याकाळी जाऊन रात्री परत’ हा बेत कागदावरच राहतो. तिथे मुक्काम करावा लागतो, आणि महोत्सवाच्या दिवसांत त्या लहानशा गावातील खोल्या फार आधी भरून जातात. जुलैची रात्र आहे म्हणून स्वेटर हॉटेलात ठेवून जाऊ नये. किल्ला तळ्यातल्या बेटावर आहे आणि रात्रीचा वारा बोचरा असतो.

दुसरी वाट स्टॉकहोमजवळच्या ड्रॉटनिंगहोम राजवाड्याच्या नाट्यगृहाची. माझ्या मते संपूर्ण सहलीत एकच प्रयोग पाहता येणार असेल तर तो येथे पाहावा. 1766 मध्ये उभारलेले हे नाट्यगृह 1792 नंतर जवळजवळ विस्मृतीत गेले आणि 1921 मध्ये त्याचा पुन्हा शोध लागला, तेव्हा लाकडी यंत्रणा जागच्या जागी होती. आजही पडद्यामागे माणसे मोठे लाकडी रहाट फिरवतात आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत काही क्षणांत जंगलाचा राजवाडा होतो. मेघगर्जना आणि वाऱ्याचा आवाज काढणारी जुनी यंत्रेही तिथे आहेत. इमारतीत उष्णतेची सोय नाही, म्हणून प्रयोग फक्त उन्हाळ्यात होतात. बैठक बाकांची आहे आणि पाठदुखी असणाऱ्यांनी ती गांभीर्याने घ्यावी. दिवसा शहरातून तिथे जाणारी बोट रम्य असते, पण ती प्रयोग संपल्यावर परत आणेल असे गृहीत धरू नये; परतीची बस किंवा टॅक्सी आधी ठरवून ठेवावी.

पोहोचल्याच दिवशी प्रयोग

मुंबईहून रात्रभर विमानप्रवास करून दुपारी उतरायचे आणि संध्याकाळी प्रेक्षागृहात बसायचे, हा कार्यक्रम आयोजकांना सोयीचा वाटतो, कारण हॉटेलची एक रात्र वाचते. उन्हाळी वेळेनुसार कोपनहेगन भारताच्या साडेतीन तास मागे असते. तिथे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा आपल्या शरीराच्या घड्याळात दीड वाजलेला असतो. माझ्या पहिल्या सहलीत असेच झाले. ‘ला बोहेम’ या ऑपेराच्या तिसऱ्या अंकात रंगमंचावर बर्फ पडू लागला एवढे मला आठवते, चौथ्या अंकात नायिका मिमी कधी मरण पावली ते टाळ्यांच्या आवाजाने जाग आली तेव्हा कळले. पहिला प्रयोग दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवावा. वेळापत्रक बदलणे शक्य नसेल, तर त्या दुपारचे स्थलदर्शन सोडून दोन तास झोप घ्यावी.

जहाजाच्या प्रवासाबाबतही अशीच गफलत होते. स्टॉकहोमहून हेलसिंकीला जाणारी रात्रीची जहाजे दुपारी उशिराच निघतात, म्हणजे त्या दिवशी स्टॉकहोममध्ये संध्याकाळचा प्रयोग शक्य नसतो. शिवाय हेलसिंकीचे घड्याळ स्टॉकहोमच्या एक तास पुढे आहे. आधी प्रयोगांच्या संध्याकाळी नक्की कराव्यात आणि मग त्यांच्याभोवती प्रवास बसवावा.

चुकीच्या दाराशी उभे राहणे

कोपनहेगनच्या रॉयल थिएटरचे एकाहून अधिक रंगमंच आहेत. जुना रंगमंच 1874 चा, शहराच्या मध्यभागी कोंगेन्स न्यूटोर्व्ह चौकात आहे. हेनिंग लार्सन यांनी रचलेले, 2005 मध्ये उघडलेले नवे ऑपेरागृह पाण्यापलीकडे होल्मेन येथे आहे. तिकिटावर कोणते नाव आहे ते पाहूनच निघावे, कारण ऐनवेळी चूक लक्षात आली तर रस्त्याने ख्रिश्चनशाव्हनचा वळसा पडतो. होल्मेनला जाण्यासाठी बंदरातून फिरणारी प्रवासी बोट उत्तम. बस-मेट्रोचेच तिकीट तिच्यावर चालते आणि ती ऑपेरागृहापाशीच उतरवते. फक्त संध्याकाळी धक्क्यावर गर्दी होते आणि बोटीत जागा मर्यादित असते, तेव्हा एक फेरी हुकेल असे धरूनच निघावे.

ऑस्लोत इमारत चुकणे अवघड आहे. मध्यवर्ती रेल्वेस्थानकापासून पायी काही मिनिटांवर, फियोर्डच्या (समुद्राच्या अरुंद खाडीच्या) काठी, स्नोहेट्टा या संस्थेने रचलेले आणि 2008 मध्ये उघडलेले ते पांढरे ऑपेरागृह पाण्यातून वर आल्यासारखे दिसते, आणि त्याच्या उतरत्या संगमरवरी छतावर कोणालाही चालत जाता येते. पण त्या दगडात मुद्दाम ठेवलेल्या लहानमोठ्या उंचवट्यांकडे लोकांचे लक्ष नसते. छायाचित्र काढत मागे सरकणारा माणूस तिथे हमखास अडखळतो. पाऊस असेल तर दगड निसरडा होतो, कडक ऊन असेल तर डोळे दिपतात. प्रयोगाचे गुळगुळीत तळाचे बूट घालून वर जाऊ नये. छत दिवसा पाहून घ्यावे.

स्टॉकहोमची गोष्ट निराळी आहे. तिसऱ्या गुस्ताव्ह राजावर 16 मार्च 1792 रोजी ऑपेरागृहातील मुखवट्यांच्या नृत्यसमारंभात गोळी झाडली गेली आणि तेरा दिवसांनी तो मरण पावला. इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ‘उन बाल्लो इन मास्केरा’ या ऑपेराचे मूळ याच घटनेत आहे. ती जागा पाहण्याच्या इच्छेने आलेले प्रवासी आजच्या ऑपेरागृहात जिने शोधत फिरतात. पण आजची इमारत 1898 ची आहे, जुनी त्याआधीच पाडली गेली. त्या रात्रीचे राजाचे कपडे पाहायचे असतील तर ते राजवाड्यातील शस्त्रागार संग्रहालयात आहेत.

हेलसिंकीचे ऑपेरागृह 1993 चे, त्योलो उपसागराच्या काठी आहे. तिथे जाण्यात अडचण अशी काही नाही.

आसन, उशीर आणि जेवण

ऑपेराचे गायक सामान्यतः ध्वनिवर्धकाविना गातात, म्हणून आसनाची निवड महत्त्वाची ठरते. वरच्या सज्जाच्या छपराखाली अगदी मागे बसल्यास आवाज दबतो. स्टॉकहोमच्या नालाकृती प्रेक्षागृहात बाजूच्या स्वस्त जागांवरून अर्धा रंगमंच दिसत नाही. गटाचे तिकीट ‘मर्यादित दृश्य’ श्रेणीचे आहे का, हे आधीच विचारावे. भाषेची धास्ती मात्र नको. या मोठ्या गृहांत संवादांचा अनुवाद दाखवतात आणि तो बहुधा इंग्रजीतही असतो. ऑस्लोत तर समोरच्या आसनाच्या पाठीवर छोटा पडदाच आहे. तरीही कथानक आदल्या रात्री वाचून ठेवावे.

दार बंद झाल्यावर आत सोडत नाहीत. उशीर झाला तर मध्यंतरापर्यंत बाहेर थांबण्याची तयारी ठेवावी. सेवकाशी वाद घालून उपयोग नसतो. एखादा गायक आजारी पडला तर बदली गायक येतो आणि त्यासाठी पैसे परत मागता येत नाहीत. संगीत नाटकाच्या सवयीने पद रंगले की वन्स मोअर म्हणावेसे वाटते, पण येथे टाळ्यांवर थांबावे.

जेवणाचे नियोजन शाकाहारी प्रवाशांनी विशेष काळजीने करावे. प्रयोग सहसा सहा-सातला सुरू होतात आणि दहाच्या सुमारास संपतात. त्यानंतर उघडी स्वयंपाकघरे थोडी. दुपारी चार-साडेचारला पोटभर खाऊन घ्यावे आणि मध्यंतराचे पेय-खाणे प्रयोग सुरू होण्यापूर्वीच नोंदवून ठेवावे.

कागदपत्रे आणि पैसे

चारही देश शेंगेन क्षेत्रात आहेत, म्हणून एकच व्हिसा पुरतो. अर्ज मात्र सर्वाधिक रात्री जिथे मुक्काम आहे त्या देशाकडे करायचा असतो, आणि रात्री समान असतील तर प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. आयोजकाने मार्ग उलटा केला की हे गणित बिघडते. चलने चार आहेत: डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे यांचे तीन वेगवेगळे क्रोन, आणि फिनलंडचा युरो. रोख बदलून नेण्याचा खटाटोप करू नये. कार्ड जवळजवळ सर्वत्र चालते आणि स्वीडनमध्ये काही दुकाने रोख घेतच नाहीत. जुन्या कार्यक्रमपत्रिकेत ऑस्लोचे व्हायकिंग जहाज संग्रहालय असेल तर चौकशी करावी, कारण नव्या संग्रहालयाच्या उभारणीसाठी ते 2022 मध्ये बंद झाले. सोमवारी या शहरांतील अनेक कलासंग्रहालये बंद असतात, तेव्हा तो दिवस पायी फिरण्यासाठी ठेवावा.

प्रेक्षागृहात जाण्यापूर्वी कोट आणि मोठ्या पिशव्या खाली जमा कराव्या लागतात, आणि प्रयोग संपल्यावर तिथे लांब रांग लागते. आमच्या गटातील दोघेजण एकदा त्या रांगेत राहिले आणि बस त्यांना तसेच सोडून हॉटेलवर गेली. त्यामुळे मार्गदर्शकाशी भेटीची जागा आणि वेळ आत जाण्यापूर्वीच ठरवावी, कोट घेण्यासाठी वीस मिनिटे धरावीत, आणि हॉटेलचा पत्ता कोटात न ठेवता खिशात ठेवावा.