गढूळ वेगळं, मचूळ वेगळं

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत टँकरचं पाणी कधी गढूळ येतं, तर खाडीजवळच्या बोअरचं मचूळ लागतं. दोन्हींवर एकच उपाय चालत नाही. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन दोन तास हलवू नका. तळाशी साका बसला तर नुसतं निवळून भागेल. तरीही धुरकट राहिलं तर तुरटी लागेल. दिसायला नितळ पण चवीला खारट असेल, तर क्षार विरघळलेले आहेत. ते कुठल्याही फडक्यात अडकत नाहीत.

तुरटीचा खडा अंदाजाने फिरवण्यापेक्षा मोजून घाला. १० ग्रॅम तुरटीची पूड एक लिटर पाण्यात विरघळवा. २० लिटरच्या बादलीला यातलं ५० मिली, म्हणजे औषधाच्या १० मिलीच्या टोपणाने पाच टोपणं. एक मिनिट जोरात ढवळा, मग दहा मिनिटं अगदी सावकाश. मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांपासून दूर राहतात. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियममुळे तो भार मोडतो आणि कापसासारखे पुंजके धरतात. इथे घाई करून जोरात ढवळलं की पुंजके फुटतात आणि पाणी पुन्हा धुरकट होतं. तुरटी जास्त पडली तर पाणी तुरट लागतं आणि गाळही नीट बसत नाही. दोन तासांनी वरचं पाणी नळीने काढा, तळाचं दोन इंच सोडून द्या. चारपदरी सुती फडक्यातून गाळा आणि पिण्यासाठी खळखळून उकळा, कारण जंतूंच्या बाबतीत तुरटीवर भरवसा ठेवता येत नाही.

मचूळ पाणी मात्र उकळून आणखी खारट होतं: वाफ जाते, मीठ मागे राहतं. मिठागरात ऊन हेच करतं. पाणी हवं असेल तर ती वाफ धरायला हवी. पातेल्यात मधोमध उंच वाटी ठेवा, भोवती वाटीच्या काठाखाली राहील इतकंच पाणी घाला. झाकण उलटं, मूठ वाटीवर येईल असं ठेवून त्यावर बर्फ घाला आणि मंद आच द्या. मुठीवरून वाटीत पडतं ते बिनक्षाराचं पाणी. आच वाढवली की खारं पाणी उसळून वाटीत जातं.

रोजच्या वापराला यात गॅस फार जातो, तिथे आरओच बरा. त्याआधी गाळाचा फिल्टर आणि कार्बनचा फिल्टर हवाच. गाळाने मेम्ब्रेन, म्हणजे आरओतला क्षार अडवणारा पातळ पडदा, चोंदतं, क्लोरीनने खराब होतं. टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटर विद्युतवाहकता मोजतो, त्यामुळे त्याला गढूळपणा कळत नाही. आकडा कमी दिसला तरी आधी ग्लास उजेडात धरून बघा.