मुहूर्त काढायचा म्हणजे आधी दिवस खोडायचे

गेली सव्वीस वर्षं मी नाशिकला रविवार कारंजाजवळच्या एका बोळात लग्नपत्रिका छापतो. मी ज्योतिषी नाही. पण रोज प्रूफं वाचताना 'दु. १२ वा. ३६ मि.' असले आकडे डोळ्यांखालून जात आणि मनात येई, सरळ साडेबारा का नाही? शेवटी पंचवटीतल्या एका गुरुजींच्या ओटीवर दर गुरुवारी जाऊन बसायला लागलो आणि पंचांग वाचायला शिकलो. ते म्हणायचे, मुहूर्त शोधायचा नसतो, दिवस खोडत जायचं, उरेल तो मुहूर्त.

म्हणून पेन्सिल घ्या, पेन नको. भाच्याच्या वास्तुशांतीला मी माघ महिना समोर घेऊन बसलो होतो, तेच उदाहरण सांगतो.

पंचांग उघडल्यावर पहिली चूक सगळे करतात ती सांगून टाकतो, मीही केलीय. तिथीपुढे आणि नक्षत्रापुढे जी वेळ छापलेली असते ती संपण्याची असते, सुरू होण्याची नाही. 'पंचमी १६.२०' म्हणजे पंचमी दुपारी चार वीसपर्यंतच आहे. मी एकदा हे उलटं धरलं आणि दुकानात नवीन कटिंग मशीनची पूजा संपलेल्या नक्षत्रावर केली. मशीन चाललं, पण गुरुजी दोन गुरुवार माझ्याशी धड बोलले नाहीत.

आता खोडायला लागा. अमावास्या गेली. चतुर्थी, नवमी, चतुर्दशी या रिक्ता तिथी गेल्या. भाच्याच्या मनात माघ शुद्ध चतुर्थी होती, गणेशजयंती म्हणून. चतुर्थी बाप्पाची आहे, उपास करा, मोदक करा. गृहप्रवेशाला ती रिक्ताच. वर शुद्ध चतुर्थीच्या उत्तरार्धात भद्रा असते. भद्रा म्हणजे विष्टी करण, अर्ध्या तिथीचा टाळायचा काळ. शुद्ध पक्षात चतुर्थी नि एकादशीचा उत्तरार्ध, अष्टमी नि पौर्णिमेचा पूर्वार्ध. वद्यात तृतीया नि दशमीचा उत्तरार्ध, सप्तमी नि चतुर्दशीचा पूर्वार्ध. एवढं पाठ केलं की पंचांगात भद्रा हुडकावी लागत नाही. योगांमध्ये व्यतिपात आणि वैधृती अख्खे सोडायचे. गृहप्रवेशाला रविवार-मंगळवारही नकोत.

लग्न असेल तर याच्याआधी एक मोठी खोड असते: चातुर्मास, अधिक मास, गुरू-शुक्राचा अस्त. त्यातून पंचांगवाले आडबाजूच्या तारखा देतात, त्या काढीव मुहूर्त. माझा धंदा निम्मा त्यांच्यावरच चालतो, त्यामुळे मी त्यांना नावं ठेवणार नाही.

मग नक्षत्र. कामाचा स्वभाव आणि नक्षत्राचा स्वभाव जुळवायचा, एवढंच तत्त्व. टिकून राहायचं काम असेल तर रोहिणी आणि तिन्ही उत्तरा, ही स्थिर नक्षत्रं. घरात राहायला जायला याच्यासोबत मृग, चित्रा, अनुराधा, रेवती ही मृदू नक्षत्रंही चालतात. गाडी मात्र पळायला हवी, म्हणून तिला पुनर्वसू, स्वाती, श्रवण, धनिष्ठा, शततारका ही चर नक्षत्रं.

आमच्याकडे पंचमी उरली. त्या दिवशी सकाळी साडेनऊपर्यंत उत्तराभाद्रपदा, पुढे रेवती. दोन्ही चालणारी. बहिणीच्या नणंदेने लगेच फोन केला, "दादा, पंचक लागलंय ना?" लागलं होतं. पंचक म्हणजे धनिष्ठेच्या उत्तरार्धापासून रेवती संपेपर्यंतचा काळ. पण पंचकात नको म्हटलेली कामं ठरलेली आहेत: दक्षिणेचा प्रवास, सरपण जमवणं, घर शाकारणं, खाट विणणं, प्रेतकर्म. तयार फ्लॅटमध्ये पाऊल टाकणं त्यात बसत नाही.

दोन्हीतलं कुठलं नक्षत्र घ्यायचं हे कॅलेंडर सांगत नाही, ते माणसावर ठरतं. जन्मनक्षत्रापासून, ते धरून, त्या दिवसाच्या नक्षत्रापर्यंत मोजा आणि नवाने भागा. बाकी तीन, पाच किंवा सात आली तर सोडा. भाच्याचं हस्त. हस्तापासून उत्तराभाद्रपदा चौदावी, बाकी पाच. बाद. रेवती पंधरावी, बाकी सहा, ती साधक तारा. चंद्र मीनेचा, भाच्याची रास कन्या, म्हणजे राशीपासून सातवा. चौथा, आठवा, बारावा नसला की झालं. सूनबाईंचं पुष्य. त्यांना रेवती विसावी, बाकी दोन, संपत्. रास कर्क, चंद्र नववा, शुद्ध पक्षात चालतो. दोघांचं बघा. एकट्या कर्त्याचं बघून तारीख कळवणारे मला रोज भेटतात.

म्हणजे साडेनऊच्या पुढे. किती पुढे? वार शुक्रवार. भाच्याने मोबाइलवरचा तक्ता दाखवला, 'राहुकाळ १०.३० ते १२.०० आहे, आपण सव्वाबाराला उरकू.' राहुकाळ म्हणजे दिवसाच्या आठ भागांतला एक टाळायचा भाग, कितवा ते वारावर ठरतं. हा तक्ता सूर्योदय सहाला आणि सूर्यास्त सहाला धरून केलेला असतो. जानेवारीच्या उत्तरार्धात नाशिकला सूर्य साधारण सव्वासातला उगवतो आणि सव्वासहाला मावळतो. अकरा तासांचे आठ भाग केले तर एक भाग साडेब्याऐंशी मिनिटांचा. शुक्रवारी राहुकाळ चौथ्या भागात, म्हणजे अकरा बावीस ते पाऊण. भाचा सव्वाबाराला बरोबर राहुकाळाच्या मधोमध घरात शिरला असता. (आमचे गुरुजी राहुकाळाला फार मोजत नसत. पण घरातलं एक जरी माणूस मोजत असेल तर पाळावा, नाहीतर पुढे घरात नळ गळला तरी त्याचंच नाव निघतं.)

त्या १२ वा. ३६ मि.चं उत्तरही इथेच आहे. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, नाशिक त्र्याहत्तर पूर्णांक आठच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपण पस्तीस मिनिटं मागे. नाशिकची खरी मध्यान्ह बाराला नसतेच. सरासरी बारा पस्तीसला असते आणि महिन्याप्रमाणे मागेपुढे सरकते. दिवसाचे पंधरा भाग केले की मधला आठवा तो अभिजित मुहूर्त. त्याचा मध्यबिंदू म्हणजे हीच मध्यान्ह. बुधवारी तो घेत नाहीत. तेव्हा ॲपमध्ये गाव नाशिकच निवडलंय का ते आधी बघा. तिथी-नक्षत्र संपायची वेळ देशभर तीच, पण सूर्योदयावर बेतलेलं सगळं गावागणिक बदलतं.

शेवटी लग्न, म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवत असलेली रास. घराला स्थिर लग्न हवं: वृषभ, सिंह, वृश्चिक किंवा कुंभ. त्या दिवशी कुंभ दहाच्या सुमारास संपत होतं. तेवढ्यात नाशिकरोडहून पाहुणे पोचणं शक्य नव्हतं. त्यानंतरचं स्थिर लग्न वृषभ, दुपारी दीडच्या सुमारास. राहुकाळही तोवर सरलेला. वेळ दिली एक चाळीस.

लग्नकार्य असलेल्या नाशिककरांना आणखी एक सांगायला हवं. सिंहेत गुरू असताना लग्नं करू नयेत म्हणतात. इथे २०१५ला सिंहस्थ झाला, आता २०२७ची पर्वणी येतेय, तेव्हा हा प्रश्न दुकानात पुन्हा येणार. मुहूर्तग्रंथांत हा दोष गोदावरीच्या उत्तर तीरापासून भागीरथीच्या दक्षिण तीरापर्यंतच सांगितलाय, आणि सूर्य मेषेत असेल तर तिथेही नाही. आता आपली गंगा, म्हणजे गोदावरीच, गावातून वाहते. प्रवाह धरला तर पंचवटी डाव्या, म्हणजे उत्तर तीरावर, गावठाण अलीकडे. नियम अक्षरशः लावला तर पुलाच्या एका टोकाला दोष आणि दुसऱ्या टोकाला नाही. मागच्या सिंहस्थात दोन व्याह्यांनी माझ्या काउंटरवर यावरून चहाचे तीन कप संपवले. मी दोन्ही कार्यालयांची नावं घालून दोन प्रूफं काढून ठेवली होती.

मुहूर्ताचा क्षण नेमका कशाचा, हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा. लग्नात तो अंतरपाट दूर होण्याचा, वरात दारात येण्याचा नाही. गृहप्रवेशात कलश घेऊन उंबरठा ओलांडण्याचा. होम, जेवणं आगेमागे चालतात. आमच्याकडे भाच्याने पाऊल टाकलं तेव्हा एक एकेचाळीस झाले होते. पंगत तीनला बसली आणि त्याबद्दल मेहुण्यांनी मला अजून माफ केलेलं नाही.