फायबर सेन्सरवर रोज रात्री खोटा ताण : काय केलं

बडोद्यात विश्वामित्रीच्या काठाच्या उतारात पुरलेल्या ब्रॅग ग्रेटिंग केबलवर रोज ४० मायक्रोस्ट्रेनच्या (लांबीत दहा लाखांत ४० भाग बदल) आसपास ताण चढायचा आणि उतरायचा. ग्रेटिंग म्हणजे फायबरमधला ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवणारा भाग; ताणाने किंवा उष्णतेने ती तरंगलांबी सरकते. शिखर रात्री आठ-नऊला, म्हणून उन्हावर संशयच गेला नाही. कनेक्टर पुसले, स्प्लाइस (फायबरचे जोड) नव्याने केले, सरासरीचा काळ वाढवला. पंधरवडा फुकट गेला.

केबल जेमतेम २० सें.मी. खोल होती. तिथे दुपारची ऊब सहा-सात तास उशिरा पोचते. १५५० नॅनोमीटरला नुसत्या फायबरची तरंगलांबी एका अंशाला साधारण १० पिकोमीटर सरकते, एका मायक्रोस्ट्रेनला १.२, म्हणजे ५ अंशांचा फरक ४२ मायक्रोस्ट्रेन दाखवतो.

आधी त्याच चरात, त्याच खोलीवर, स्टीलच्या बारीक नळीत दुसरी ग्रेटिंग सैल ठेवली. फायबरचं एक टोक मोकळंच हवं, दोन्ही चिकटवली तर नळीचा ताण तिच्यात उतरतो. नळीची तोंडं सिलिकॉनने बंद केली. मग शेजारी थर्मामीटर पुरून, उतार स्थिर असताना, तीन दिवस दर तासाला तापमानासोबत दोन्ही ग्रेटिंगची नोंद घेतली. हे टाळू नका : प्लॅस्टिकच्या आवरणामुळे मुख्य केबल अंशाला १० पेक्षा जास्त सरकते, म्हणून सरळ वजाबाकी चुकते. दोन्हींच्या अंशामागच्या सरकण्याचं गुणोत्तर (मुख्य भागिले सैल) काढलं, सैल ग्रेटिंगच्या फरकाला त्याने गुणून मुख्य फरकातून वजा केलं, शेवटी १.२ ने भागलं.

रात्रीचं शिखर गेलं. आता रेषा हलली की उतारच हललेला असतो.